एक ठोका पुढे, दोन ठोके पुन्हा

मातीला आलेली माणसं एकेक करून पांगली. पाद्रीबुवांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधला, आणि "आयलर्टसारखा कान आता या मुलखात कोणाला नाही" असं म्हणत तेही धुक्यात दिसेनासे झाले. मग स्वयंपाकघरात टाम्मेनांची टाम्मेनच उरली. दिवसभर सगळ्यांनी ओठांत दाबून धरलेलं आता टेबलावर येणार, हे आयलर्टची लेक वीब्के समजून चुकली.

गेशेने, म्हणजे तिच्या आईने, चहाचे कप मांडले. माणसं पाच होती आणि कप सहा.

"आई, एक कप जास्त झालाय."

"झाला नाही. मांडलाय."

गेशेने प्रत्येक कपात खडीसाखरेचा खडा टाकला आणि वरून कढत चहा ओतला. खडा तडकला की टक् असा बारीक आवाज होतो. या किनाऱ्यावरच्या माणसाला तो ऐकला की घरी आल्यासारखं वाटतं. आज मात्र प्रत्येक टक्‌ला हिल्कोचा खांदा उडत होता. सहाव्या कपातल्या खड्याला तडकायला जरा वेळच लागला, आणि तो तडकला तेव्हा हिल्कोने डोळे गच्च मिटून घेतले.

वीब्केला भावाची दया आली. मग दया आल्याचा रागही आला. वडील गेल्यापासून तो कारखान्याच्या हॉलकडे फिरकला नव्हता म्हणे. ज्या हॉलमध्ये टाम्मेनांच्या तीन पिढ्यांनी चर्चमधले छताएवढे, नळ्यांचे ऑर्गन उभे केले, त्याच्या दाराला तो वळसा घालून जात होता. पुरा पन्नाशीचा गडी!

"वीब्के," हिल्कोची बायको फ्राउके म्हणाली, "आजच्या दिवशी विषय काढू नये, हे मला कळतं."

"कळतं ना? मग नको काढूस."

"काढायलाच हवा. उद्या तू गाडी पकडून जाशील, मग मी काय तुझ्या पाठीमागे धावू? कारागिरांच्या मंडळाचा फोन आला होता. ईस्टरपर्यंत मुदत दिलीय. तोवर कारखान्यावर उस्तादाचं नाव लागलं नाही, तर कुलूप."

फ्राउके ऑफिसचं सगळं बघायची. बाई कामाची, हिशेबाला चोख; फक्त बोलायचं कधी थांबावं एवढं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"उस्तादकीचा कागद घरात एकाचाच होता, आणि ते आज मातीत गेले," ती पुढे म्हणाली. "आता राहिला तुझा."

वीब्केला हसू आलं. आलं म्हणजे काय, घशाशी येऊन अडकलं. ज्या हिवाळ्यात ती उस्तादकीची परीक्षा पास झाली, त्याच हिवाळ्यात सरकारने कायदा सैल केला. ऑर्गन बांधायला उस्ताद लागत नाही, ज्याच्या हाताला खाज त्याने बांधावा! हिल्को तेव्हा अर्ध्या कोर्सात होता. "नुसत्या कागदासाठी कोण मरतंय?" म्हणत त्याने वह्या माळ्यावर टाकल्या. आणि याच टेबलाशी वीब्केने बरोबरीचा पगार मागितला, तेव्हा आयलर्ट टाम्मेनने पावाला लोणी लावता लावता सांगितलं होतं, "कागद शिळा झाला, पोरी. शिळ्या पावाला कोण जास्त मोजतं? हिल्कोला संसार आहे." अर्धवट शिकलेल्या भावाला जास्त आणि शिकून आलेल्या बहिणीला कमी. ती वसंतातच निघून गेली, पार दक्षिणेला, धंदेशिक्षणाच्या शाळेत ऑर्गन बांधणाऱ्या पोरांना शिकवायला. पुढे सोळा वर्षं देशभर फरश्या उखडल्या, कौलं गळली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि काही धंद्यांना उस्तादकी पुन्हा सक्तीची झाली. शिळा पाव पुन्हा ताजा! म्हाताऱ्याचा स्वतःचा जुना कागद भिंतीवर होता, म्हणून या घरात कोणाला त्याची झळ लागली नाही, इतकंच.

"मी काय करायचं म्हणतेस?"

"काही नाही. नुसतं नाव दे. महिन्यातून एकदा येऊन जा, सह्या कर, आईच्या हातचं जेव. घरबसल्या पगार."

"म्हणजे दारावरची पाटी."

"पाटीला पगार मिळत नसतो, वीब्के."

"मला इथे अकरा वर्षं पाटीइतकाच मिळत होता."

"झालं! काढली जुनी मढी उकरून," फ्राउकेने कपाळाला हात लावला. मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिची तिलाच शरम वाटली. पेटी मातीत उतरवून पुरता दिवससुद्धा झाला नव्हता.

गेशे किटलीवरून हात न काढता म्हणाली, "कर ना गं एवढं. हिल्कोच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या पोटापाण्याचा होता तेव्हा तू कुठे होतीस, आई? इथेच होतीस. हीच किटली घेऊन."

असं म्हणून वीब्केने चमचा उचलला आणि आपल्या कपात उभा ठेवला. पहिल्याच कपात. कपात चमचा म्हणजे 'पुरे, आता नको', आणि तीन कप झाल्याशिवाय तो ठेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. या भागात भांडायला आलेला पाहुणासुद्धा असं करत नाही. गेशेचा चेहरा पडला. वीब्केला आतून वाईट वाटलं, पण तिने चमचा काढला नाही.

"मला कोणी विचारणार आहे का?" टालेया म्हणाली.

टालेया हिल्को-फ्राउकेची एकुलती एक, आजोबांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेली, शेवटच्या वर्षाला. दिवसभर ती खुर्चीच्या कडेवर बसून होती.

"तुला काय विचारायचं?" फ्राउके म्हणाली. "उस्ताद नसेल तर तुझं शिक्षणही इथे राहत नाही. त्यापेक्षा गाड्यांच्या फॅक्टरीत जा. तिथे शिकाऊ पोरांना तुझ्या दीडपट देतात. मी कधीची सांगतेय."

"मला नळ्यांना सूर लावायचाय, आई. गाड्यांना चाकं नाही लावायची." मग ती वीब्केकडे वळली. "आणि आत्या, तू नुसतं नाव देणार असशील तर नको देऊस. मी पाटीच्या हाताखाली नाही शिकणार. आजोबांनी तीन वर्षं मला बाहेर पट्टी दाबायला बसवलं, ऑर्गनच्या आत एकदाही घेतलं नाही. आता तू पण मला बाहेरच बसवून दक्षिणेत जाणार असशील, तर मग मी खरंच फॅक्टरीत जाते."

फ्राउके लेकीकडे बघतच राहिली. तीन वर्षं पट्टी दाबायला. हे वाक्य वीब्केनेही या टेबलाशी म्हणायला हवं होतं, पण तिच्या वेळी ते म्हणायची छाती झाली नव्हती.

"कारखान्याचं काय ते पुढे बघा," गेशे एकदम म्हणाली. तिची नजर सहाव्या कपावर होती. "आधी खिडकी उघडा कोणीतरी. माणूस गेला की खिडकी उघडायची असते. हॉलची खिडकी अजून बंद आहे."

"आई, आत सूर लावायचं काम अर्धवट आहे," फ्राउके म्हणाली. "थंडी शिरली की सगळं मुसळ केरात. ऑर्गन पुरा होईपर्यंत खिडकी कशी उघडणार?"

"तेच सांगतेय मी. ऑर्गन पुरा होत नाही तोवर खिडकी बंद. खिडकी बंद तोवर तो आत."

हिल्को उठला आणि खुर्ची तशीच मागे ढकलून बाहेर गेला.

वीब्के त्याच्यामागे गेली. अंगणात धुकं इतकं दाट होतं की हॉल दिसत नव्हता, नुसता त्याचा काळपट आकार उभा होता. हिल्को भिंतीला टेकून सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता. काडी विझत होती.

"आई काहीही बोलते रे," वीब्के म्हणाली.

"काहीही नाही बोलत."

वीब्केने त्याच्या हातातली काडेपेटी घेतली आणि सिगारेट पेटवून दिली. आतल्या टेबलाशी कितीही भांडणं झाली तरी, लहानपणी याच भिंतीआड दोघांनी मिळून पहिली सिगारेट ओढली होती.

"त्या दिवशी काय झालं? फ्राउकेने फोनवर सांगितलं ते मला खरं वाटलं नाही."

हिल्को बोलायला लागला तो थांबेचना.

टाम्मेनांची सूर लावायची पद्धत वीब्केला काय सांगायची! सूर लावणारा ऑर्गनच्या पोटात, नळ्यांच्या रानात स्टुलावर बसतो. दुसरा बाहेर पट्ट्यांशी. आतून लाकडावर एक ठोका आला की सूर बसला, पुढची पट्टी. दोन ठोके आले की पुन्हा तीच. बाकी बोलायचं नाही. बोलण्याने कान विटाळतो, असं आयलर्टचं म्हणणं. ठोका येईपर्यंत बोट उचलायचं नाही, हाक मारायची नाही, उठायचं नाही. ऑर्गन लावायची दुसरीही पद्धत असते, हे वीब्केला दक्षिणेत गेल्यावर कळलं.

"सकाळची गोष्ट," हिल्को म्हणाला. "एक पट्टी दाबून बसलो होतो. ठोका येईना. म्हटलं, नळी हट्टी असेल. बोट बधिर झालं, दुसरं लावलं. सूर आपला चालूच. ऐकून ऐकून डोकं भणाणलं माझं. तरी ठोका नाही."

"आणि तू हाक मारली नाहीस."

"तू मारली असतीस?"

वीब्केच्या तोंडाशी 'हो' आलं आणि तिथेच विरघळलं. दहा वर्षांची असताना ती लघवी दाबून सबंध सप्तक बसली होती, आणि शेवटी फ्रॉक ओला झाला तरी तिने हाक मारली नव्हती. आतून दोन ठोके आले होते, तेव्हा ओल्या फ्रॉकनेच तिने तीच पट्टी पुन्हा दाबली होती.

"नाही," ती म्हणाली. "नसती मारली."

"मग ऐक. नंतर ठोका आला. एक. मी पुढच्या पट्टीवर गेलो. पुन्हा ठोका. मग भराभर, वीब्के, कधी नव्हे इतके भराभर. मला बरं वाटलं, म्हटलं, म्हातारा आज रंगात आलाय. दिवस कलेपर्यंत अगदी वरची एक पट्टी राहिली. आणि थांबलं. आई बोलवायला आली, म्हणून मी आत डोकावलो. डॉक्टर म्हणाला, सकाळीच गेलेत. अंग लाकूड झालं होतं."

सिगारेट त्याच्या बोटांत नुसती जळत होती.

"फ्राउकेला वाटतं, मी इकडे येऊन सिगारेटी फुंकत बसलो होतो आणि आता गोष्टी रचतोय. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुला भास झाले. असं कोणालाही होईल रे."

"मग जा आणि नळ्या ऐक. मला काय कळतंय त्यातलं? मला कान नाही, म्हणून बाबांनी मला बाहेर बसवलं." त्याने राख झटकली. "आणि तुला होता, म्हणून तुलाही बाहेरच."

वीब्केला वाटलं, कोणीतरी कानाखाली वाजवली. इतकी वर्षं हे त्याला ठाऊक होतं तर! ठाऊक असून तो जास्तीचा पगार मुकाट घेत राहिला, आणि आज, बाप मातीत गेल्यावर, भिंतीशी उभा राहून सांगत होता. ती वळली आणि तिने हॉलचं दार उघडलं.

आत गारठा होता. टालेया मागच्या दाराने आधीच येऊन पट्ट्यांशी बसली होती, हात मांडीवर ठेवून. नवा ऑर्गन छतापर्यंत गेलेला, ओकचं लाकूड अजून ताजं, नळ्यांवर खिडकीचा करडा उजेड. खिडकीच्या फटींना आयलर्टने लावलेल्या कापडी पट्ट्या जशाच्या तशा होत्या.

"मला वाटलंच तू येशील," टालेया म्हणाली. "भाता सुरू करू?"

"कर. मधल्या सप्तकापासून एकेक पट्टी दे."

वीब्के कडेच्या बुटक्या दारातून वाकून आत शिरली. या हॉलमधल्या ऑर्गनच्या पोटात ती बापाच्या हयातीत एकदाच शिरली होती, उस्तादकीच्या परीक्षेसाठी केलेल्या नळ्या बसवायला. नंतर आयलर्ट आत गेला होता, ती बाहेर बसली होती, आणि तिच्या प्रत्येक नळीला आतून दोन ठोके आले होते. परीक्षकांनी शाबासकी दिली, बापाने दोन ठोके. आता त्याचं स्टूल तिथेच होतं. टोपी खिळ्याला. सूर लावायचा पितळी शंकू फळीवर, हात पोचेल असा. ती स्टुलावर बसली नाही, शेजारी उभी राहिली.

सूर येऊ लागले. तिने श्वास आवरून ऐकलं. नळी मोठी लबाड चीज. माणूस जवळ बसला की त्याच्या अंगाच्या उबेने ती चढते, आणि त्या चढलेल्या नळीलाच तो सूर लावतो. माणूस उठून गेला, नळी निवली, की ती केसभर उतरते. कितीही जपा, उतरतेच. पहिल्या नळ्या तशाच होत्या, केसभर उतरलेल्या. आयलर्टची ऊब त्यांतून निघून गेली होती. वीब्केचे डोळे भरून आले. बापाच्या अंगात ऊब होती, याचा एवढाच पुरावा तिला आयुष्यात मिळत होता.

मग एक नळी आली, तीही उतरलेली. आणि तिच्या पुढची उतरलेली नव्हती. तिच्याही पुढची नव्हती. सूर इतके नेमके, इतके सरळ की ऐकताना दात शिवशिवावेत. एकामागून एक, वरपर्यंत, कुठेही ऊब लागल्याची खूण नाही. जिवंत माणसाच्या हातून असं होत नाही. हिल्कोच्या हातून तर सात जन्मांत नाही.

तिच्या मानेवर काटा आला. ती घाबरली, अगदी लहान मुलीसारखी घाबरली. पळावं, सरळ स्टेशन गाठावं, शाळेतला तो उजळ वर्ग, फळा, हीटर. नाव पाहिजे तर घ्या बाबांनो, लावा दाराला, पण मला यातून सोडा.

"आत्या?" बाहेरून टालेया म्हणाली. टाम्मेनांच्या हॉलमध्ये सूर लावताना मारलेली बहुधा ती पहिली हाक. "तू ठीक आहेस ना? ठोका येईना, म्हणून विचारलं."

वीब्केचे पाय जमिनीला टेकले. "ठीक आहे गं. आणि यापुढे असंच विचारत जा. इथे आता ठोके नाहीत. बोलायचं. कळलं?"

"कळलं. एक विचारू? तू थांबणार आहेस का?"

"शेवटची पट्टी दे. बोलू मग."

शेवटची नळी करंगळीएवढी. तिला अजून कोणाचाच हात लागला नव्हता. वीब्केने शंकू उचलला. तो इतका गार होता की बोटांना चटका बसल्यासारखं झालं. नळीचं तोंड तिने हलकेच, हलकेच उघडलं. सूर थरथरला, शेजारच्या नळीशी भांडला, मग भांडण मिटत मिटत गेलं आणि दोघी एक झाल्या.

तेवढ्यात तिच्या मागे स्टूल करकरलं आणि लाकडावर ठोका पडला. एकच.

सूर थांबला. सवयीने टालेयाने बोट उचललं होतं.

"झालं?" तिचा आवाज आनंदाने चढला. "आत्या, झालं ना? आजी दारात उभी आहे. बाबा पण आलेत. खिडकी उघडू?"

वीब्के हलली नाही. मागे वळून बघायची तिची हिंमत नव्हती. एक ठोका. या एका ठोक्यासाठी तिने काय केलं नव्हतं? रात्रंदिवस खपून परीक्षा दिली, घर सोडलं, कोणाशी संसार थाटला नाही, दुसऱ्यांच्या पोरांना 'छान, बसला सूर' असं सांगत आयुष्य काढलं. आणि आज तो आला. घे गं बाई, पदरात घे आणि खिडकी उघडू दे, असं मन म्हणत होतं.

पण कान ऐकेना. तिने नळीला बोट लावलं. नळी कोमट होती, तिच्याच उबेने. आता बरोबर वाटतेय, निवली की केसभर उतरणार. बसलेला सूर नव्हताच तो. आणि हे म्हाताऱ्याला कळलं नसेल? त्याला? उभ्या जन्मात ज्याने कोणाची नळी पहिल्या फटक्यात सोडली नाही, त्याने आज ही सोडली. जायची घाई झाली होती त्याला.

तिने डोळे पुसले, शंकू उलटा धरला आणि लाकडावर ठोकलं. एकदा. आणि पुन्हा एकदा.

"उघडू नकोस," ती मोठ्याने म्हणाली, आतल्याला आणि बाहेरच्यांना, सगळ्यांनाच. "नळी गरम आहे अजून. निवू दे. मग पुन्हा हीच पट्टी. आणि टालेया, खाली उतरलेल्या सगळ्या नळ्या उद्या पुन्हा लावायच्यात. तू आत बसायचंस. पट्टी मी दाबेन. तुझ्या आईला सांग, नाव एकटं मिळत नाही, बरोबर मी पण येते, पगार उस्तादाचा. आणि आजीला म्हणावं, दुसरा कप ओतून ठेव."

बाहेर कोणीतरी हुंदका दिला, बहुतेक हिल्कोने.

वीब्के अंधारात उभी राहिली, नळीपासून जरा लांब, श्वास दुसरीकडे वळवून. आणि तिच्या मागे स्टूल पुन्हा करकरलं, जायला उठलेल्या माणसाने निमूट परत बसावं तसं.